जहाज तुमचं, गोळी माझी

बाबा,

आपलं पांढुर्णा आता जिल्हा झालं आहे. माझं सासर सौंसरही त्याच जिल्ह्यात आलं, त्यामुळे लग्न होऊन इतकी वर्षं छिंदवाड्याची म्हणवून घेणारी मी एका सकाळी पुन्हा पांढुर्ण्याची झाले. ही बातमी तुम्हाला कळवावी म्हणून वही उघडली, आणि दोन ओळी लिहिल्यावर लक्षात आलं की तुम्हाला जिल्ह्याचं काय पडलंय. तुम्ही म्हणाला असता, जिल्हा झाला तर संत्र्याला भाव वाढणार आहे का? मग आणखी थोडा वेळ बसले आणि कबूल केलं, की मला जिल्ह्याबद्दल नाही, त्या जहाजवाल्या खेळाबद्दल बोलायचं आहे. मामांच्या दुकानातला तो. तुम्ही गेल्यापासून मी त्याबद्दल कोणाशीच नीट बोलले नाही, कारण ऐकणाऱ्याला आधी संत्र्याची कलम कशी बांधतात ते सांगावं लागतं, नंतर लकवा सांगावा लागतो, आणि तिथपर्यंत पोहोचेस्तोवर समोरचा माणूस चहा पिऊन उठलेला असतो.

तुम्हाला लकवा मारला तेव्हा पोळा नुकताच झाला होता. गोटमारीच्या दगडफेकीत फुटलेली डोकी अजून पट्ट्या बांधून बाजारात फिरत होती, आणि तुमचा लोंबता उजवा हात पाहून जो तो विचारायचा, कुठं लागला गोटा? तुम्हीही पहिले काही दिवस लागला म्हणूनच सांगितलं. गोटा लागलेला हात बरा होतो, लोक त्याची चौकशी करतात, मान देतात. लकव्याचं नाव घेतलं की समोरचा एकदम हळू बोलायला लागतो, ते तुम्हाला नको होतं. पाय वाचला, तोंड थोडं वाकडं झालं होतं तेही महिन्याभरात सरळ झालं. हात मात्र खांद्यापासून नुसता लटकत होता, आणि हात म्हणजेच आपलं घर होतं.

सौंसरच्या रस्त्याला ज्या नर्सरीत तुम्ही आणि आई कलमा बांधायला जायचा, तिथं तुमच्यासारखा डोळा बसवणारा दुसरा नाही असं मालक स्वतः म्हणायचे. मला ते काम अजून डोळ्यांसमोर दिसतं. संत्र्याला खुंट म्हणून लावलेल्या जंबेरीच्या रोपांच्या लांब ओळी. तुम्ही पुढे, उकिडवे बसून सरकत चाललेले. रोपाच्या सालीवर चाकूनं एक आडवा, एक उभा काप, साल अलगद उचलायची, संत्र्याच्या फांदीवरून काढलेला डोळा त्यात सरकवायचा, आणि नुसतं "हं" म्हणायचं. तुमच्या मागोमाग आई. "हं" ऐकू आलं की ती पट्टी गुंडाळून डोळा घट्ट बांधायची. दिवसभर तुमच्या दोघांत त्या "हं" पलीकडे बोलणं नसायचं. चाकू माणसाचा आणि पट्टी बाईची, हा आपल्याकडचा कायदाच होता, आणि त्या कायद्यानुसार तुमचा हात गेला म्हणजे आईचंही काम गेलं. थंडी पडायला लागली की कलमा सुरू होणार होत्या. तोपर्यंत हात आला तर आला, नाही तर आई आणि मी संत्री तोडायला जाणार आणि आठवीच्या पुढची माझी शाळा तिथंच राहणार, हे घरात कोणी मोठ्यानं बोललं नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं.

डॉक्टरांनी एक रबरी चेंडू दाबायला सांगितला होता. तुम्ही तो दोन दिवस दाबला आणि तिसऱ्या दिवशी शेजारच्या बकरीच्या पिलापुढे टाकून दिला. आई चिडली. तुम्ही म्हणालात, "मी का लहान पोट्टा हावो का, चेंडू घेऊन बसायले?" म्हणून जेव्हा तुम्ही व्हिडिओ गेम खेळायला लागलात तेव्हा आईनं कपाळाला हात लावला. चेंडूनं कमीपणा येतो आणि पोरांच्या खेळानं येत नाही, हे तुमचं गणित तिला कधीच कळलं नाही. मलाही कळलं नाही, पण मी तुमच्या बाजूनं होते.

मामांनी ती पेटी नागपूरहून आणली होती. स्टेशनाच्या रस्त्यावरचं त्यांचं सायकलचं दुकान नीट चालत नव्हतं, म्हणून अर्ध्या दुकानात पडदा लावून त्यांनी ती उभी केली. माणसाएवढी लाकडी पेटी, वर काच, काचेत काळं आभाळ, खाली डाव्या बाजूला एक दांडा आणि उजवीकडे एक लाल बटण. दांड्यानं खालचं जहाज डावीउजवीकडे सरकायचं, बटण दाबलं की गोळी सुटायची. वर शत्रूंच्या रांगा. त्यातले एकदोन मधूनच सुटायचे आणि गिरक्या घेत खाली यायचे. शेजारी एक रंगीत चित्र चिकटवलेलं होतं, त्यात ग्रह आणि स्फोट होते. मामांनी पहिल्या दिवशी तुम्हाला हौसेनं बोलावलं. मी तुमच्याबरोबर होते, कारण त्या दिवसांत तुम्ही बाहेर निघालात की आई मला मागे पाठवायची. तुम्ही काचेपुढे उभे राहिलात, बराच वेळ पाहिलंत आणि म्हणालात, "हे त आपल्या बगीच्यातले पतंग होत."

मामा म्हणाले, "भाऊजी, हे आभाळातले दुश्मन होत. दुसऱ्या ग्रहावरचे."

"ग्रहावरचे असो का मोहगावचे, उडून त पतंगासारखेच राहिले ना. पाह्य, कसा गिरकी मारून आला तो. संत्र्याले असाच टोचते."

मामा हसले, पण तुम्ही गंमत करत नव्हता. आंबिया बहाराची फळं भरली की संध्याकाळी बागेत ते रस शोषणारे पतंग उतरतात, पिकायला आलेल्या फळाला भोक पाडून जातात आणि सकाळी झाडाखाली सडा पडलेला असतो. बागेत धूर करून माणसं थकतात, पण ते काही हाती लागत नाहीत. इथं पहिल्यांदाच तुम्हाला ते हाताशी सापडले होते. तुमच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांनी काहीतरी आलं होतं, आणि मी ते मामांच्या आधी पाहिलं.

डाव्या हातानं तुम्ही दांडा धरला. उजवा तर नव्हताच. तुम्ही माझ्याकडे न बघताच म्हणालात, "तू इकडे उभी राह्य. मी लावतो, तू दाब." मला समजावून सांगावं लागलं नाही. जहाज जागेवर लागलं की तुम्ही "हं" म्हणायचात आणि मी बटण दाबायचे. जसं नर्सरीत तसं. चाकू एकाकडे, पट्टी एकीकडे. हा खेळ असाच दोघांनी खेळायचा असतो, याबद्दल आपल्या दोघांनाही शंका आली नाही. मामांनाही आली नाही, कारण त्यांना स्वतःला तो अजून नीट खेळता येत नव्हता.

पहिले काही दिवस मी फार वाईट खेळले. बटण हातात आल्यावर मला राहवायचं नाही, मी आपली दाबतच सुटायचे. आणि त्या खेळात पहिली गोळी वर पोहोचेपर्यंत पुढची सुटत नसे, त्यामुळे मी हवेत गोळी मारून बसायचे आणि तेवढ्यात पतंग येऊन आपलं जहाज फोडायचा. तेव्हा तुम्ही मला पोरांसमोर झापलंत. "कायले धाडधाड मारून राहिली? पाहून मार. डोळा का आपण कुठंबी बसवतो?" मला इतका राग आला की मी दुसऱ्या दिवशी येणार नाही म्हणाले. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तुम्ही फाटकाशी उभे होता. डाव्या हातानं माझं दप्तर घेतलंत आणि स्टेशनाकडे चालू लागलात. मी आज शाळेत शिकवते, रामाकोन्याला जाऊन येऊन करते, आणि वर्गात कोणी प्रश्न पुरता ऐकायच्या आत हात वर करून ओरडलं की माझ्या तोंडून तुमचंच वाक्य निघतं, पाहून मार. मुलांना वाटतं बाईंना क्रिकेटची आवड आहे.

तुमचा उजवा हात नुसता लोंबू द्यायचा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हणून खेळताना आपण तो उचलून माझ्या हातावर ठेवायचो. खाली लाल बटण, त्यावर माझं बोट, त्यावर तुमचा पंजा. तो जड होता आणि गार होता. मी गोळी मारली की तोही माझ्या हाताबरोबर खाली जायचा आणि वर यायचा, आणि त्याला स्वतःचं असं काहीच नव्हतं. मला त्याची थोडी भीती वाटायची. हे मी तेव्हा सांगितलं नाही, सांगण्यासारखं नव्हतंही.

आईला ते आवडत नव्हतं. एका संध्याकाळी भाकरी थापता थापता ती म्हणाली, "पोट्ट्यायच्या दुकानात पोरगी घेऊन जाता रोज. लोक काय म्हणत असतीन?" मी चुलीपाशी बसले होते. आता बंद होणार, असं मला वाटलं. तुम्ही डाव्या हातानं घास मोडत होता, तोही अजून नीट जमत नव्हता. म्हणालात, "म्हणतीन, बापाचा हात धरून जाऊन राहिली." आईनं तव्यावरची भाकरी उलटली. त्यानंतर तो विषय तिनं काढला नाही. उलट मी लवकर घरी आले तर तीच विचारायची, आज गेले नाही का?

ज्या दिवशी बोट हललं तो दिवस मला आठवतो, तारीख आठवत नाही. पतंगांची शेवटची रांग उरली होती. तुम्ही "हं" म्हणालात, आणि मी दाबायच्या आधी माझं बोट खाली गेलं. वरून कोणीतरी दाबलं होतं. मी ओरडले. तुम्ही काचेवरची नजर न काढता म्हणालात, "गप. मरशीन." आणि पुन्हा दाबलंत. तीन पतंग पडले. मग चौथ्यानं जहाज फोडलं, कारण मला रडू येत होतं आणि तुम्ही दांडा सोडून दिला होता. मामा पडद्यामागून धावत आले, त्यांना वाटलं पेटीचा शॉक लागला. त्या संध्याकाळी आपण घरी जाताना तुम्ही वाटेत मला जिलेबी घेऊन दिलीत आणि आईला सांगताना इतकं साधं सांगितलंत, जणू रस्त्यात कोणी ओळखीचं भेटलं.

त्यानंतर तसंच सुरू राहिलं. जहाज तुमचं आणि गोळी माझ्या बोटातून तुमची. आपण बरेच पुढे जायला लागलो होतो. पोरं मागे उभी राहून बघायची, आणि आपलं बघून तीही जोडीनं खेळायला लागली. एक दांड्यावर, एक बटणावर. जोड्या ठरल्या. भाऊ-भाऊ, मित्र-मित्र, एक काका-पुतण्या लोधीखेड्याहून बाजाराला आले की खेळून जायचे. कोण चांगला लावतो आणि कोण चांगला मारतो याच्या चर्चा व्हायच्या. मामा खूश होते, एकाऐवजी दोघं दुकानात येत होते. अख्ख्या पांढुर्ण्यात त्या खेळाला दोन माणसं लागतात, हे सायकलला दोन चाकं लागतात इतकं पक्कं झालं होतं.

मग दिवाळीच्या तोंडावर तो नागपूरचा मुलगा आला. कोणाकडे तरी पाहुणा होता, इस्त्रीचे कपडे, पायात पांढरे बूट. त्यानं पेटीसमोर उभं राहून एका हातानं दांडा धरला आणि दुसऱ्या हातानं बटण. पोरांना वाटलं त्याचा जोडीदार यायचा आहे. तो तर खेळायलाच लागला. एकटाच. आणि असा खेळला की आपल्या कोणाच्या बापजन्मी जमला नसता. मागून एकजण म्हणाला, "हे चीटिंग होय." त्याबरोबर सगळेच चीटिंग, चीटिंग करायला लागले. त्या बिचाऱ्याला कळेना की त्यानं केलं काय. मामांनी त्याला खरंच सांगितलं, "इथं जोडीनं खेळा लागते, बाबू." तो आपल्या सगळ्यांकडे असा पाहत राहिला, जणू तो वेड्यांच्या गावात आलाय. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही त्याच्या दोन्ही हातांकडे बघत होता. मला वाटलं, तुम्हाला वाईट वाटतंय. मी तुम्हाला हात धरून बाहेर काढलं आणि वाटेत सांगितलं, त्याला काही येत नाही, आपण दोघं मिळून त्याच्यापेक्षा भारी आहोत. तुम्ही "हो ना" म्हणालात.

थंडी पडली. नर्सरीतून निरोप आला. आईनं चाकू घासून धार लावून ठेवला. त्या सकाळी मी शाळा बुडवून तुमच्याबरोबर नर्सरीत आले होते, तुम्ही नको म्हटलं नाहीत. मालक म्हणाले, "यंदा राहू द्या. पुढच्या साली पाहू." तुम्ही म्हणालात, "एक ओळ पाहू द्या." आणि बसलात. उजव्या हातात चाकू धरलात. आता बोटं मिटत होती, धरत होती, दाबत होती. पण काप द्यायला बोट नुसतं दाबून भागत नाही, त्याला नेमकं थांबावं लागतं, आणि ते थांबणं काही आलं नव्हतं. पहिला काप सालीतून आरपार लाकडात गेला. दुसराही. तिसऱ्याला रोप उभं चिरलं. बाकीच्या जोड्या आपापल्या ओळीत काम करत होत्या आणि कोणी आपल्याकडे बघत नव्हतं. मुद्दाम बघत नव्हतं. आई पट्टी हातात घेऊन तुमच्या मागे बसून होती, आणि तुमच्याकडून "हं" काही येईना.

मी तुम्हाला रडताना पाहिलं नाही, तेव्हाही नाही. तुम्ही तिथंच बसून राहिलात. मग चाकू उलटा करून मूठ आईकडे धरलीत. "घे. तू काप."

"मी?" आई म्हणाली. "अवो, बाईनं चाकू धरलेला पाह्यला का कोणी?"

"नाई पाह्यला त आज पाह्यतीन. माह्या मागं बसून बसून तुले सगळं येते. मले माहीत नाई का?"

मालक पुढे आले. "नाई फुटले डोळे, त नुकसान कोणाचं?"

"त मी हावो ना," तुम्ही म्हणालात. कशाच्या जोरावर म्हणालात देव जाणे, त्या दिवशी आपल्याकडे भरून द्यायला काहीही नव्हतं. आई उठली. तिनं पदर खोचला, तुमच्या जागी बसली, तुम्ही तिच्या जागी. तिनं काप दिला, साल उचलली, डोळा सरकवला आणि थांबली. काय म्हणायचं तिला माहीत होतं, पण तोंडातून निघेना. तुम्हीच म्हणालात, "म्हण ना." तेव्हा ती हळूच "हं" म्हणाली, आणि तुम्ही पट्टी गुंडाळून, अंगठा आणि बोटाच्या चिमटीत ओढून, घट्ट बांधलीत. बटण दाबून दाबून त्या दोन बोटांत जेवढा जोर आला होता, तेवढा पट्टीला पुरला. दुपारपर्यंत तुम्ही दोघं ओळीच्या शेवटाला पोहोचला होता. काही आठवड्यांनी पट्ट्या सोडायची वेळ आली तेव्हा पहिले काही डोळे काळे पडलेले निघाले. त्यापुढचे हिरवे होते. मालकांनी स्वतः ओळीत चालून पाहिलं आणि काहीच बोलले नाहीत, म्हणजे काम राहिलं. माझी शाळाही राहिली. पुढं किती तरी वर्षं आई कापत गेली आणि तुम्ही तिच्या मागे बांधत गेलात. तुम्ही तिला चारचौघांत मालकीणबाई म्हणायचात आणि ती लटकी रागवायची. हसणारे हसले. पण दोन-तीन हंगामांनी आणखी एका बाईच्या हातात चाकू दिसला, आणि मग ते बोलण्यासारखं राहिलं नाही.

कलमा सुरू झाल्यावर आपलं दुकानात जाणं संपलं. पुढच्या पावसाळ्यात पेटीत ओल गेली, काचेत नुसत्या आडव्या रेघा यायला लागल्या आणि मामांनी ती भंगारात काढली. मला वाईट वाटलं होतं, पण तेव्हा मी नववीत होते आणि मला दुसरं बरंच काही होतं.

आता मूळ गोष्ट. परवा दिवाळीच्या सुट्टीत माझी लेक पुण्याहून आली होती. ती, मी आणि आई, आम्ही तिघी मामांना भेटायला पांढुर्ण्याला गेलो. मामा आता फार थकले आहेत, दुकानात त्यांचा मुलगा मोबाईल विकतो, ते नुसते खुर्ची टाकून रस्ता बघत बसतात. लेकीला जुन्या गोष्टी ऐकायची हौस. तिनं त्या पेटीचं विचारलं, नागपूरच्या मुलाची गोष्ट ऐकून पोट धरून हसली. मामाही हसले. मग सहज म्हणाले, "तुह्या आजोबाचा हात त तवाच चालून राह्यला होता."

मी म्हटलं, "कवा?"

"तो नागपूरचा पोट्टा खेळून गेला न, त्याच्या दुसऱ्या दिवशी. मी शटर उघडून राहिलो होतो, त भाऊजी उभे. म्हणे, सुरू कर. एक हात दांड्यावर ठेवला, दुसरा बटणावर. एकटेच खेळले. पहिले जमे नाई. चार दिवसात जमलं. मंग रोज सकाळी येत. लय पुढं जात, तुह्या संग जात त्याहून पुढं."

मी म्हटलं, "मग संध्याकाळी?"

"संध्याकाळी तू यायची ना," मामा म्हणाले, जणू मी काहीतरी अगदीच बाळबोध विचारलं होतं. "मले म्हणाले होते, पोरीले सांगू नको."

बाबा, म्हणजे दिवाळीपासून कलमा सुरू होईपर्यंत रोज संध्याकाळी माझ्या बोटावर जो हात होता, त्याला माझ्या बोटाची गरजच नव्हती. मी वाटेत तुम्हाला धीर देत होते. उद्या आणखी पुढे जाऊ म्हणत होते. तुम्ही ऐकून घेत होता आणि जहाज मुद्दाम माझ्या वेगानं चालवत होता. मला त्या खुर्चीत बसल्या बसल्या इतकं भरून आलं की मी उठून रस्त्यावर जाऊन उभी राहिले. मला राग आला असं वाटलं, पण तो राग नव्हता. इतक्या वर्षांनी कोणी माझ्यासाठी काही ठेवून दिलेलं सापडलं, तसं झालं.

परतताना बसमध्ये मी आईला विचारलं, तुला माहीत होतं का? ती खिडकीबाहेर बागा बघत होती. म्हणाली, "मले नाई माहीत. पण हात आला म्हणून सांगितलं असतं, त चाकू धरा लागला असता. त्याचं भ्या वाटत असन त्यायले." आणि मग थोड्या वेळानं, "आन् तुह्यासंग बरं वाटत असन." आई अशीच बोलते, आधी हिशेबाचं आणि मागून मनातलं. मी दोन्ही ठेवून घेतलं. तुम्ही घाबरला होता हे मला आवडलं, कारण त्या दिवसांत मीही रोज घाबरलेली असायचे आणि मला वाटायचं, घरात मी एकटीच. आणि दुसरं तर मला माझ्यासाठीच हवं आहे. ते खरं आहे का, हे तुम्हीच सांगू शकला असता. हे पत्र कुठल्या पेटीत टाकलं तर तुमच्यापर्यंत येईल ते मला माहीत नाही, त्यामुळे ते या वहीतच राहील.

एक छोटंसं सांगायचं राहिलं. लेकीनं जाण्याआधी माझ्या फोनवर तो खेळ टाकून दिला. तोच, तेच काळं आभाळ, त्याच रांगा. म्हणाली, आई, तू तर चॅम्पियन होतीस, दाखव ना खेळून. मी म्हटलं, चष्म्याचा नंबर वाढलाय, मला बारीक दिसत नाही. ती गेल्यावर दुपारी दार लावून मी बसले. नीट दिसत होतं सगळं. डाव्या अंगठ्यानं जहाज सरकवायचं होतं आणि उजव्यानं गोळी. गोळी मी चांगली मारली, पाहून मारली, एकही वाया घालवली नाही. जहाज मात्र होतं तिथंच मधोमध उभं राहिलं, आणि पतंग सरळ येऊन त्यावर पडत गेले. पुन्हा खेळले, पुन्हा तेच झालं. बाबा, मला जहाज हलवता येत नाही. ते मी कधी शिकलेच नाही, कारण तुम्ही होता.